संकीर्ण कपाट: वाचनालयातल्या पर्यावरण-पुस्तकांच्या कामाची वही

१२ एप्रिल २०२५, शनिवार

मुंबईला स्थायिक झालेल्या गावच्या एका गृहस्थांनी वाचनालयाला पंधरा हजार रुपये दिले आहेत. अट एकच: ‘पर्यावरण विभाग’ सुरू करायचा आणि ५ जूनला त्याची फीत कापायची. अण्णांनी (आमचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक) यादीचं काम माझ्या गळ्यात घातलं.

खरेदीची यादी करण्याआधी आपल्याकडे काय आहे ते बघावं म्हणून दाखल नोंदवही काढली. आमचं वर्गीकरण म्हणजे कथा, कादंबरी, ललित, चरित्र, बाल, धार्मिक, शेती आणि बाकी सगळं ‘संकीर्ण’. संकीर्णमध्ये पाठीवर ‘पर्यावरण’ असं लिहिलेली अकरा पुस्तकं सापडली. त्यातली सात म्हणजे अकरावी-बारावीच्या प्रकल्पवहीसाठी उतरवून घ्यायची मार्गदर्शकं. त्यांची पानं मात्र हाताळून मऊ झालेली. ‘प्रदूषणाचे प्रकार’ या धड्याची तर एका पुस्तकातली पानंच कुणीतरी फाडून नेली आहेत.

१३ एप्रिल, रविवार

आज कपाटं उपसली. कसरीनं बरंच खाल्लंय.

‘ललित’मध्ये दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ मिळालं. ‘कादंबरी’त व्यंकटेश माडगूळकरांचं ‘सत्तांतर’, त्याच्याच मागच्या रांगेत ‘नागझिरा’. ‘शेती’च्या खणात नैसर्गिक शेती करणाऱ्या जपानी फुकुओकांच्या ‘एका काडातून क्रांती’ची पुठ्ठा गेलेली प्रत. मारुती चितमपल्लींची तीन पुस्तकं तीन कपाटांत. महात्मा फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ चरित्रांमध्ये कसा गेला ते देवाला ठाऊक.

म्हणजे पर्यावरण आमच्याकडे होतं, ते त्या नावाच्या कपाटात नव्हतं इतकंच. ग्रंथालयाच्या कोर्सला ड्युई (पुस्तकांना विषयवार आकडे द्यायची पद्धत) शिकवताना आम्हाला सांगितलं होतं की परिसंस्था ५७७ मध्ये, प्रदूषण ३६३ मध्ये, शेती ६३० मध्ये आणि मराठी साहित्य ८९१ मध्ये. तेव्हा पाठ केलं आणि पास झाले. आज शिडीवर उभं राहून कळलं की एका विषयाची पुस्तकं अशी चार दिशांना गेली, की वाचणाऱ्याला तो विषय दिसतच नाही.

अण्णांना म्हटलं, आधी ही सगळी एका जागी आणू, खरेदीचं मग बघू. ते म्हणाले, “ताई, पैसे पुस्तकं घ्यायला दिलेत, शोधायला नाही. फोटोत नवी पुस्तकं दिसली पाहिजेत.” त्यांचंही खरं आहे. निम्म्या पैशांची खरेदी, उरलेल्यात बांधणी आणि एक नवं कपाट, असं ठरलं.

२० एप्रिल, रविवार

‘असूड’ पुन्हा वाचला. कॉलेजात वाचला होता तो सावकारी, भटशाही आणि शेतकऱ्याचं शिक्षण यांसाठी. या वेळी तिसरंच काही दिसलं. १८८३ सालचं हे पुस्तक. डोंगरावरचा पालापाचोळा, मेलेले किडे-जनावरं कुजून पावसाबरोबर खाली शेतात कशी यायची आणि जमिनीचा कस कसा राहायचा, हे फुले सांगतात. मग सरकारच्या जंगलखात्यानं गायरानं कशी गिळली ते येतं. आणि मग मागण्या: ताली आणि बंधारे असे घाला की पावसाचं पाणी आधी शेतात मुरेल आणि मग ओढ्याला जाईल; त्या कामाला फौजेतल्या आणि पोलिसातल्या माणसांना लावा; तलावा-नद्यांतला गाळ शेतकऱ्याला पूर्वीसारखा फुकट नेऊ द्या; गायरानं गावांना परत करा.

पाणलोट, मृदसंधारण, गाव-सामाईक जमीन असे सगळे शब्द आपण नंतर आणले. महाराष्ट्र सरकारनं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली २०१७ मध्ये. फुल्यांनी गाळाचं लिहून ठेवल्याला तोवर सव्वाशेवर वर्षं झाली होती.

यादीत पहिलं पुस्तक हेच राहील. अण्णा जरा थांबले, म्हणाले, “पाहुण्यांना वाटेल चुकून ठेवलंय.” वाटू दे.

३ मे, शनिवार

खरेदी. पुण्यात अप्पा बळवंत चौकात दिवसभर पायपीट. घेतलेल्यांतली महत्त्वाची: अतुल देऊळगावकरांचं ‘विश्वाचे आर्त’, दिलीप कुलकर्णींचं ‘निसर्गायण’, माधव गाडगीळांचं आत्मकथन ‘सह्याचला आणि मी’, चितमपल्लींचं ‘चकवाचांदण’ (आमच्याकडची प्रत हरवलेली).

दिलीप कुलकर्णींचं एवढ्यासाठी की ते नोकरी सोडून दापोली तालुक्यातल्या कुडावळ्याला जाऊन राहिले आणि जसं लिहिलं तसं जगले. वाचणारा आधी तेच विचारतो: लिहिणाऱ्याच्या घरी एसी आहे का? आमच्या गावात तरी हा प्रश्न ठरलेला.

इंग्रजी किती घ्यायची यावर घासाघीस झाली. वाढीला पृथ्वीची मर्यादा आहे असं सांगणारं १९७२ चं ‘लिमिट्स टू ग्रोथ’ दुकानदार सारखा पुढे करत होता. मोठं पुस्तक आहे, त्यावरून जगभर वाद झाला, सगळं कबूल. पण आमच्याकडे ते कपाटाची शोभा होणार. रेचेल कार्सनचं कीटकनाशकांवरचं ‘सायलेंट स्प्रिंग’ मात्र घेतलं. ते वाचून दाखवता येईल.

गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांचं ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ स्वस्तात मिळालं. १९४५ चं पुस्तक, प्रस्तावना गांधीजींची. कुमारप्पांचं काम वर्ध्याच्या मगनवाडीतलं. ‘शाश्वत विकास’ हा शब्द संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंडलँड आयोगाच्या १९८७ च्या अहवालानंतर सगळ्यांच्या तोंडी आला. कुमारप्पांनी ‘टिकणारं अर्थशास्त्र’ वर्ध्यात त्याआधी चाळीस वर्षं मांडून ठेवलं होतं. ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’वाल्या शूमाखरनं १९७३ मध्ये त्यांचा हवाला दिला आहे. आपण शूमाखर वाचतो आणि वर्ध्याला फार तर सेवाग्रामची सहल काढतो.

९ मे, शुक्रवार

अनुपम मिश्रांचं ‘आज भी खरे हैं तालाब’ हिंदीत आहे म्हणून ठेवू की नको असं झालं होतं. रात्री पुन्हा चाळलं आणि शंका मिटली. १९९३ चं हे पुस्तक. मिश्रांचा जन्म वर्ध्याचा. त्यांनी पुस्तकावर हक्कच ठेवला नाही. कुणीही छापा, कुणीही वाटा. आमच्यासारख्या वाचनालयाला हे वरदान: लागेल ती पानं झेरॉक्स करून मुलांच्या हातात देता येतात, कुणाची भीती नाही.

पण खरं सुख त्यातल्या शब्दांचं. तलाव बांधणारा तो गजधर. पाणी जिथून वाहत येतं तो आगौर, साठतं तो आगर, बांध ती पाल, जास्तीचं पाणी जिथून निघून जातं तो नेष्टा. मी वहीच्या डाव्या बाजूला हे लिहिलं आणि उजवीकडे आपले शब्द लिहायला बसले. पालीला भराव, नेष्ट्याला सांडवा, एवढं पटकन आलं. आगौरला ‘पाणलोट क्षेत्र’ लिहिलं आणि पेन अडलं. हा सरकारी फलकावरचा शब्द. लोक काय म्हणतात? शिपाई काकांना विचारलं. म्हणाले, “वरचं रान.” बास, वरचं रान.

२७ मे, मंगळवार

पाऊस या वर्षी मे महिन्यातच. रविवारपासून थांबायचं नाव नाही. कपाटासाठी मोकळी केलेली भिंत नेमकी गळकी निघाली. ‘ऋतुचक्र’ची जुनी प्रत भिजली. पानांमध्ये टीपकागद घालून, वर पाटा ठेवून पंख्याखाली ठेवली आहे.

दुर्गाबाईंनी १९५६ साली बारा महिन्यांवर लिहिलं. वैशाख सरला त्या दिवशीच आमच्या ओढ्याला पूर आला, आता ज्येष्ठ कसला आणि आषाढ कसला. हे पुस्तक नुसतं रसाळ म्हणून वाचायचं नाही, मोजपट्टी म्हणून वाचायचं, असं मनात आलं. कुठलं झाड कुठल्या महिन्यात फुलायचं याची ती सत्तर वर्षांपूर्वीची नोंदच आहे. महिन्यातून एकदा त्या त्या महिन्याचा लेख मोठ्यानं वाचायचा आणि मग बाहेर जाऊन बघायचं असा बेत केला आहे. प्रत वाळली तर.

५ जून, गुरुवार

उद्घाटन झालं. नारळ, फीत, फोटो. फलकावर ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं’ लिहायचं नाही, हे मी आधीच बजावलं होतं. तुकोबांवर राग नाही. पण ज्या फलकावर ती ओळ दिसते त्याच्या मागे हमखास तोडलेलं वडाचं झाड असतं. शेवटी पाहुण्यांनी भाषणाची सुरुवातच त्या ओळीनं केली.

फ्लेक्स आलाच. दोन रोपंही आली, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

पुस्तक कुणी नेलं नाही. एक बाई आल्या, कपाट बघितलं, म्हणाल्या, “ह्यात पाककृतीचं नाही का?”

१९ जून, गुरुवार

चितमपल्ली काल संध्याकाळी सोलापुरात गेले. पेपर वाचूनच वाचनालय उघडलं. १९३२ चा जन्म, म्हणजे ब्याण्णव वर्षं. वनखात्यात छत्तीस वर्षं. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट. यंदाच पद्मश्री मिळाली होती.

त्यांची चारही पुस्तकं टेबलावर काढून ठेवली, हार वगैरे घातला नाही. दुपारपर्यंत चारही गेली. उद्घाटनाच्या भाषणांनी जे झालं नाही ते असं झालं.

दहावीतला एक मुलगा ‘चकवाचांदण’चा जाडजूड आकार बघून बिचकला. त्याला सांगितलं, या माणसानं कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ आणि बगळ्या-करकोच्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ असे शब्द दिले. तो म्हणाला, “म्हणजे एसटी स्टँडमागच्या चिंचेवर आहे ते सारंगागार?” मी म्हटलं, जा, बघून ये. संध्याकाळी धापा टाकत आला. बगळेच होते, घरटी एकोणीस, आणि खाली उभं राहायचं नाही. शर्ट दाखवला.

१२ जुलै, शनिवार

पालखीच्या आठवड्यात अभ्यासिका वारकऱ्यांना झोपायला दिली होती, त्यामुळे वाचन मागे पडलं. आज पहिलं. पंधरा-सोळा जण.

शाळेतल्या बाईंनी ‘झाडं लावणारा माणूस’ सुचवला होता, ज्यां जिओनोची १९५३ ची फ्रेंच गोष्ट. मी त्याच्यासोबत कार्सनच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण मराठीत सांगत सांगत वाचलं. दोन्ही कल्पित. एका गावात वसंत येतो पण पक्षी गात नाहीत, असं कार्सन लिहिते आणि त्याच प्रकरणात सांगून टाकते की असं एकच गाव कुठे नाही, पण यातली प्रत्येक गोष्ट कुठे ना कुठे घडली आहे. जिओनोनं मात्र आपला मेंढपाळ खरा की खोटा हे लोकांना बराच काळ कळू दिलं नाही. १९५७ साली एका वनाधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात कबूल केलं की माणूस काल्पनिक आहे, लोकांना झाडं आवडावीत एवढाच हेतू होता.

मला स्वतःला कार्सनची रीत जास्त पटते. बाईंना नाही पटली. “गोष्ट खोटी निघाली तरी मुलांनी झाडं खरीच लावली ना?” यावर माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. मागून एक आबा बोलले. मेंढरं राखतात, वाचता येत नाही, पाऊस होता म्हणून आत येऊन बसलेले. “कुठं लावली? माळावर? मग मेंढरं काय खात्याल?”

हा मुद्दा आमच्या यादीतल्या एकाही पुस्तकात मला ठळक दिसला नव्हता. आमच्या पूर्वेकडचा माळ म्हणजे उजाड डोंगर नव्हे, तो गवताळ प्रदेश आहे. चिंकारा, लांडगा, चंडोल, धाविक यांना मोकळं गवतच लागतं. शेजारच्या बारामती तालुक्यात सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठीच आहे. कागदावर हीच जमीन ‘पडीक’, म्हणून तिथं खड्डे खणून गिरिपुष्प लावायचं आणि हिरवं झालं म्हणून फोटो काढायचा. जिओनोच्या गोष्टीवर मी पेन्सिलीनं लिहून ठेवलं आहे: आपल्या माळाला लागू नाही.

अंजीरवाल्या एका तरुणानं कार्सनबद्दल विचारलं, “ताई, तांबेरा आला की फवारूच नको का मग?” तिचं तसं म्हणणं नाही, हे सांगितलं. कीटकनाशक कधीच वापरू नका असं ती म्हणत नाही. काय मारतोय हे न बघता सगळीकडे मारू नका, असं म्हणते. पुस्तक १९६२ चं, अमेरिकेत डीडीटी या कीटकनाशकावर बंदी १९७२ ला, आपल्याकडे शेतीतला वापर बंद झाला १९८९ ला. यवतमाळला २०१७ मध्ये फवारताना विषबाधा होऊन शेतकरी गेले, ते त्याला आठवत होतं. तो पुस्तक घेऊन गेला नाही. मात्र जाताना फवारणीच्या बाटलीवरचा लाल त्रिकोण म्हणजे काय ते विचारून गेला. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा.

२ ऑगस्ट, शनिवार

‘एका काडातून क्रांती’ परत आलं, सोबत नेणाऱ्या गृहस्थांची तक्रार. “बिननांगरटीचं पटलं. पण ह्यांच्याकडं पाऊस किती पडतो ते बघा की.” बरोबर आहे. फुकुओका जपानच्या शिकोकू बेटावरचे, आणि आम्ही सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीत.

मग बोलणं नायगावकडे वळलं. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंख्यांनी पाणी पंचायत तिथंच उभी केली, आमच्याच पुरंदर तालुक्यात. पाणी जमिनीच्या आकारावर नाही, घरातल्या माणसांवर, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही हक्क, ऊस नाही, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. हे सगळं त्या गृहस्थांनी मला बोटावर मोजून सांगितलं. त्यांच्या वडिलांनी त्या कामावर माती उचलली होती. आता त्यांच्या रानात पुरंदर उपसा योजनेचं पाणी येतं, मुळा-मुठेतून उचललेलं. “पुण्याचं धुणं,” ते म्हणाले.

साळुंख्यांवरचं एकही पुस्तक आमच्याकडे नाही. जपानचं आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

तारखेच्या चिठ्ठ्या बघितल्या. ‘सत्तांतर’ नऊ वेळा. चितमपल्ली सगळे मिळून चौदा. ‘असूड’ पाच, त्यातले तीन शेतकरी. ‘ऋतुचक्र’ तीन, तिन्ही बायका. ‘विश्वाचे आर्त’ दोन. कुमारप्पा शून्य. कुमारप्पांचं वाईट वाटलं.

‘सत्तांतर’ला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे, पण लोक ती नेतात वानरांमुळे. सध्या वानरं सीताफळांवर तुटून पडली आहेत. वानराला हाकलायच्या आधी ते आपसात काय करतं ते कळावं, असं एक जण म्हणाला. हे ऐकून कुमारप्पांना वाचवायची युक्ती सुचली. त्यांनीही दाखला दिलाय: माकड आमराईत शिरून नुसतं खातं, मधमाशी मात्र सगळ्या पोळ्यासाठी गोळा करते, आणि माणसांचे व्यवहारही असेच निरनिराळ्या जातीचे. तेवढी दोन पानं मराठीत लिहून कपाटाच्या दाराला चिकटवली.

६ सप्टेंबर, शनिवार

विसर्जनाचा दिवस, वाचनालय बंद. घरी बसून एक दुसरंच ‘पुस्तक’ वाचलं.

गाडगीळांच्या आत्मकथनानंतर लक्षात आलं की जैवविविधता कायदा (२००२) म्हणतो, प्रत्येक पंचायतीत लोकांच्या सहभागानं जैवविविधता नोंदवही असावी. या कल्पनेमागे गाडगीळ होते. आमच्या पंचायतीतही ती आहे. कपाटातून शोधून झेरॉक्स मिळवायला तीन चकरा झाल्या.

बाहेरच्या कुणीतरी भरून दिलेली दिसते. हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत दिली होती, तेव्हा सगळीकडे घाई झाली, त्यातलीच ही असावी. आमच्या गावात खारफुटी आहे, असं तिच्यात लिहिलंय. खारफुटी! समुद्र इथून सह्याद्री ओलांडल्यावर लागतो. कोकणातल्या कुठल्या तरी गावाची वही उतरवून घेतली आणि नाव बदललं. प्रकल्पवहीची पानं फाडणारी आमची बारावीची मुलं यापेक्षा बरी; निदान पुस्तक तरी मराठवाड्याचं-पुण्याचं बघून उतरवतात. गवतांच्या रकान्यात एकच शब्द आहे: ‘गवत’.

२१ सप्टेंबर, रविवार

आबांना घेऊन माळावर गेलो. मी, शाळेतल्या बाई, शर्ट खराब झालेला तो मुलगा आणि आणखी चौघं. दोनशे पानी वही, किंमत साठ रुपये, उरलेल्या पैशांतून.

आबा काठीनं दाखवत गेले. ही कुसळी, पिकली की कपड्यात घुसते, मेंढीच्या कातड्यातसुद्धा. तोवर कोवळी आहे तर खातात. हा पवना. हा मारवेल, हा असला की खाली जमीन चांगली समजायची. मुलगा लिहीत होता, बाई पान वहीत दाबत होत्या. बारा गवतांची नावं झाली. तेराव्याला आबा थांबले, बसले, काडी मोडून चावली. “हे आमच्या म्हातारीला ठावं. मला न्हाई.”

म्हातारी म्हणजे त्यांची आई. बारामतीकडे लेकीकडे असते, दिवाळीला येणार आहे. तेरावी ओळ कोरी सोडली.

५ ऑक्टोबर, रविवार

वहीला खाकी कव्हर घालून कपाटात ‘असूड’च्या शेजारी ठेवली. दाखल नोंदवहीत चढवताना लेखकाच्या रकान्यावर अण्णांशी वाद. ते म्हणतात ‘संकलन: वाचनालय’. मी आबांचं नाव लिहा म्हणते. आबा म्हणतात, नाव लिहू नका, उद्या कुणी जमीन मोजायला आलं तर माझ्याकडं बोट नको. रकाना पेन्सिलीनं भरलाय.

देणगीदारांना हिशेब पाठवला. कपाट ५,२००, पुस्तकं ७,४६०, बांधणी १,९००, झेरॉक्स व वही ३१५. शिल्लक १२५.

बाकी काम: ‘ऋतुचक्र’ वाळलं पण पानं लहरी झालीत, दुसरी प्रत बघायची. साळुंख्यांवर काही मिळतं का ते नायगावला जाऊनच विचारायचं. ‘नागझिरा’ जुलैपासून परत नाही. नेणाऱ्याच्या घरी जायचं, दंड मागायचा नाही, वाचलं का तेवढं विचारायचं. म्हातारी लक्ष्मीपूजनाच्या आधी येणार, बाईंना कळवायचं.